आईचं डोकं ठिकाणावर आहे

हे किस्से मी कुणाला सांगायचे नाहीत, असं बाबांनी बजावलं आहे. बाबा आमच्याच गावच्या शाळेत मास्तर आहेत, आणि मास्तराची बदली करायला वजनदार माणसाला फार वेळ लागत नाही, म्हणून. मी तर उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी. त्यामुळे मी कुठे काही बोलेन, असं बाबांनाही मनातून वाटत नसावं.

पण दवाखान्यातल्या किश्श्यांचं एक असतं. आपण आजाऱ्याजवळ बसायला जातो, आणि घरी येताना पिशवीत तांब्या, चादर आणि हे एवढे किस्से भरून आणतो. तांब्या फळीवर जातो, चादर दोरीवर जाते. किस्से कुठे ठेवायचे? मधल्या सुट्टीत मैत्रिणींना अर्धे सांगून झालेच आहेत. मग उरलेल्यांनी काय पाप केलंय!

*

दुष्काळ नुकताच सरला होता, पण आमच्या वस्तीच्या विहिरीला पाणी काही परतलं नव्हतं. आई शिरपूरच्या बाजारातून मोठेबाबांच्या बंडीत बसून परत येत होती. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी सगळी पोती बंडीच्या मागच्या बाजूला टाकली होती, आणि पुढे ते एकटे. आईने निघतानाच म्हटलं होतं की पोती पुढे घ्या. मोठेबाबा म्हणाले, "बंडी तू हाकतं का मी?"

चढ लागला आणि बंडी उलार झाली. म्हणजे मागचं वजन जड झालं, जू वर गेलं आणि बंडी मागच्या मागे कलंडली. आई खाली पडली ती थेट दगडावर, डोक्याच्या मागच्या बाजूने. थोडा वेळ तिला शुद्धच नव्हती. मोठेबाबा घाबरून पाणी शिंपडत होते. मग ती उठून बसली, ओकली, पदराने तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली.

"पोते पुढं घ्या म्हनलं होतं का नाई?"

मोठेबाबांनी त्याच क्षणी जमलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं, की हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे!

*

तालुक्याच्या दवाखान्यात तेव्हा नवे डॉक्टर आले होते. पुण्याकडचे, तरुण. त्यांनी आईच्या जखमेला टाके घातले, एक इंजेक्शन दिलं, आणि मग खुर्ची ओढून तिच्याशी गप्पा मारत बसले. नाव काय? गाव कोणतं? माहेर कोणतं? आज वार कोणता? मग टॉर्च काढून एकेका डोळ्यात उजेड पाडला. मग म्हणाले, "माझी बोटं दाबा. आता दुसऱ्या हाताने."

सलाईन नाही, दुसरी सुई नाही. मोठेबाबांचा जीव वरखाली व्हायला लागला. ते व्हरांड्यात येऊन मोठ्याने म्हणाले, "नुस्ता इचारूनच राह्यला! हा डाक्टर हाय का तलाठी?"

डॉक्टरांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. त्यांनी बाबांना आणि मोठेबाबांना आत बोलावलं आणि समजावून सांगितलं. डोक्याला मार बसला की आत सूज येऊ शकते, रक्त साचू शकतं. वरून काही दिसत नाही. पण आत दाब वाढायला लागला की माणूस गुंगतो, काहीच्या बाही बोलतो, एका हाताचा जोर जातो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. परदेशात म्हणे कवटीला भोक पाडून आत नळी घालतात आणि दाब मोजतात. ते त्यांनी फक्त वाचलं होतं. इथे आपण भोक न पाडता बघायचं. यातलं काही दिसलं तर मात्र नागपूर गाठायचं. तिथे डोकं उघडतील.

"मंग आत्ताच उघडा ना!" मोठेबाबा म्हणाले. "भोक पाडल्याबिगर आतलं दिसन कसं?"

आई पडल्या पडल्या म्हणाली, "भाऊजी, हे माह्यं डोस्कं हाय. टरबूज नोहे."

आमच्या घरचा घोर होता तो एवढाच. नागपूरची वाट लांबची. गाडीचे हिसके बसून आई तिथवर पोचेल का, आणि पोचली तर डोकं उघडून परत तशीच मिळेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि न नेता काही बिघडलं तर तेही आपल्याच माथी.

डॉक्टरांनी विचारलं, "हिच्याजवळ कोण बसणार?" मी पुढे झाले. खरं तर मी बोलणार नव्हते, पण तोंडून निघून गेलं, "साहेब, टॉर्च लावला की डोळ्यातलं काळं बारीक होते."

"तू पाहिलंस?"

मी मान हलवली. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "आपल्याकडे यंत्र नाही. ही मुलगी आहे."

मोठेबाबा बाबांच्या कानात म्हणाले, "आता पोट्टी डाक्टर झाली. झालं कल्यान!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. आईने नाव सांगितलं, गिरजा. माहेर किन्हीराजा. वार बरोबर सांगितला. मग डॉक्टरांनी एक नवाच प्रश्न काढला.

"मालकांचं नाव काय?"

आईने तोंड मिटून घेतलं.

"आठवतंय का? मालकांचं नाव?"

आईने भिंतीकडे पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं. आई गप्पच. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, मला हे बरं दिसत नाही. नागपूरची तयारी करू."

आता मला माहीत होतं की आई का बोलत नाही. पण डॉक्टरांना ते सांगायचं कसं? मला वाटलं बाबा बोलतील. पण बाबांच्या डोळ्यांत पाणी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईच्या तोंडून आपलं नाव बाबांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते तिला येतं की नाही, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं!

आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव काढले, उपास सोडले, अंगात येणं बंद केलं. नवऱ्याचं नाव न घेणं तेवढं सोडायचं कुणाला सुचलं नाही.

शेजारच्या खाटेवर आसेगावची आसराबाई होती, पाय मोडून आलेली. ती म्हणाली, "साहेब, मलेबी नाई सांगता येत."

"काय?"

"मालकाचं नाव."

डॉक्टर गोंधळले. "तुम्हाला तर पायाला लागलंय!"

त्यांनी पलीकडच्या खाटेवरच्या बाईला विचारलं. ती तापाने आलेली. तिने पदर तोंडावर घेतला. त्याच्या पुढची बाळंतीण. ती कुशीवर वळली. डॉक्टर एकेक खाट करत वॉर्डच्या टोकापर्यंत गेले. सगळ्या वॉर्डला मेंदूचा मार!

शेवटी सिस्टर हसून हसून खाली बसल्या. सिस्टर केरळच्या. मराठी शिकल्या त्या आमच्याच वॉर्डात, त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांपेक्षा त्यांचं वऱ्हाडी चांगलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, इथल्या बाया नाव घेत नाईत. तुमी उखाना मागा."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "गिरजाबाई, घ्या नाव."

आईने डोळे मिटले. आता सगळा वॉर्ड कान देऊन बसला.

"डाक्टरच्या टार्चचा उजेड माह्या डोयात,
तुळशीराम गुरुजी उभे, जीव त्याह्यचा घोरात!"

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "पडल्या पडल्या जुळवलं? नागपूर रद्द!"

पण त्यांनी एक अट घातली. दर वेळी उखाणा ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता, तेव्हा यापुढे नुसतं नाव सांगायचं. पहिल्यांदा आईने ते पुटपुटून सांगितलं. संध्याकाळी जरा मोठ्याने. दुसऱ्या दिवशी तर डॉक्टर दारात दिसले रे दिसले की आई खाटेवरून म्हणायची, "तुळशीराम!" बाबांचे कान लाल व्हायचे. ते हळूच म्हणाले, "अवं, जरा हळू." आई म्हणाली, "डाक्टरचा हुकूम हाय, तुळशीराम!"

*

माझं सगळ्यात अवघड काम म्हणजे आईला झोपेतून उठवणं. झोप आहे की गुंगी आहे, हे उठवल्याशिवाय कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण भेटायला आलेल्या माणसांना ते पटेना. आजाऱ्याला झोप लागली म्हणजे बरं, हे सगळ्यांना पाठ.

एका दुपारी आई गाढ झोपली होती. मी हाक मारली. उठेना. खांदा हलवला. उठेना. मोठेबाबा ओरडले, "काहून छळते व मायले? झोपू दे!" आणखी दोन बायका म्हणाल्या, "केवढी निर्दय पोट्टी!"

एरवी मी कुणी नुसतं रोखून पाहिलं तरी मागे सरते. पण तेव्हा मागे सरणं मला परवडणार नव्हतं. मी आईच्या दंडाला कडकडून चिमटा घेतला.

सण्णकन माझ्या गालावर बसली!

सगळी बोटं उमटली. मी रडत आणि हसत डॉक्टरांना बोलवायला धावले. ते गालाकडे बघत म्हणाले, "उजव्या हाताचा जोर उत्तम आहे. डाव्याचा?"

मी म्हटलं, "तो तुम्ही बघा."

*

टॉर्च हातात आला की माणसाला चैन पडत नाही. आईच्या बाहुल्या बघून झाल्या की मी वॉर्डातल्या इतरांच्या बघायला लागले. कुणी बोलवायचं नाही, पण कुणी नकोही म्हणायचं नाही. बायका उलट आपणहून डोळे मोठे करून बसायच्या. टॉर्च मोफत होता ना!

आसराबाईची पाळी आली. डावी बाहुली बारीक झाली. उजवी जागची हलेना! वर तिचा आकारही वाकडा, कुलपाच्या भोकासारखा.

मी टॉर्च टाकला आणि धावले. सिस्टर धावल्या. डॉक्टर हातातला चहा ठेवून धावले. "कधी पडलात? डोक्याला लागलं होतं का? ओकारी?" आसराबाई घाबरून प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायला लागली. डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे पाहिले, मग उजवाच पुन्हा पाहिला, आणि अगदी शांत आवाजात विचारलं, "आजी, या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?"

"शिबिरात झालं न. लई दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पायाचं इचारलं होतं!"

*

आता तो किस्सा, ज्यासाठी बाबांनी मला गप्प बसायला सांगितलं आहे.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. "मले ओयखलं काय?" साधा ताप असला तरी विचारतो. इथे तर डोक्याचा मार! सगळं गाव येऊन खाटेपाशी वाकायचं. "ओयखलं काय?" सुरुवातीला आई नावं सांगायची. मग कंटाळली. मोठेबाबांनी बाहेरून आत येऊन चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ओयखलं न. तुमी बंडीवाले."

अशात एका सकाळी बापूसाहेब आले. बापूसाहेब म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार. तालुक्याला काम होतं, म्हणून जाता जाता डोकावले. बाबा उठून उभे राहिले. बापूसाहेब खाटेपासून जरा अंतर ठेवून उभे राहिले आणि मोठ्या मायेने म्हणाले, "काय गिरजा, मले ओयखलं काय?"

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"ओयखलं. आमच्या वस्तीची हीर आटली. पानी तुमच्या हिरीले हाय. आमच्या घागरी दूर ठेवाच्या, तुमचा गडी वरून ओतीन. आमी दोराले हात नाई लावाचा. तेच तुमी."

बापूसाहेबांचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग ते हसले आणि बाबांना म्हणाले, "गुरुजी, लई मार लागला बिचारीच्या डोस्क्याले."

ते गेल्याबरोबर मोठेबाबांनी कपाळाला हात लावला. "बंडीवानी हिचं डोस्कं बी उलार झालं! बापूसायबाले असं बोलते काय कोनी? गुरुजीची बदली व्हईन! आता तरी नागपूरले न्या!"

आणि या वेळी त्यांचं म्हणणं एकदम उडवून लावण्यासारखं नव्हतं. माणसाचा स्वभाव अचानक बदलला तर तीही एक खूण आहे, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आई गावात कधी वर मान करून बोललेली कुणी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "माझ्यासमोर तरी ती असं कधी बोलली नाही." बाबा खोटं बोलत नव्हते.

मग सिस्टरनी मला व्हरांड्यात बोलावलं. डॉक्टर बाजूला उभे होते. "पोट्टी, खरं खरं सांग. तुही माय पह्यले अशी होती का?"

आता गंमत सोडून सांगते. मी हो म्हणून आईला नागपूरला पाठवलं नाही, आणि आत खरोखर काही होत असलं तर? मी नाही म्हटलं, तर ती लांबची गाडी, तो चाकू, आणि परत आल्यावर आई जे जे बोलेल त्यावर गाव म्हणणार, डोकं फिरलेल्या बाईचं काय मनावर घ्यायचं. माझ्या हातात टॉर्च होता. मी तशीच आत गेले. आईच्या एका डोळ्यात उजेड पाडला. मग दुसऱ्या. दोन्ही बाहुल्या सारख्या बारीक झाल्या. मी तिला माझे हात दाबायला सांगितले. दोन्ही हात सारखे दुखले. आई म्हणाली, "काय झालं व?" मी टॉर्च विझवला. बाहेर आले.

"सिस्टर, आई बदलली नाही. ती हे रोजच म्हणते."

"रोज? कोनापाशी?"

"कुणापाशीच नाही. चुलीपुढे. फुंकणीने फुंकताना. शब्दसुद्धा हेच असतात. फक्त तेव्हा आवाज लहान असतो."

डॉक्टरांनी आत जाऊन आईला स्वतः पुन्हा तपासलं, नखशिखांत. बाहेर येऊन मोठेबाबांना म्हणाले, "डोकं तेच आहे. आवाज मोठा झालाय. त्यावर नागपुरात औषध नाही!"

*

आईला घरी सोडायचं ठरलं, त्या दिवशी बापूसाहेब पुन्हा आले. या वेळी मुद्दाम. सोबत गावातली दोन माणसं. फार गोड बोलत होते.

"गिरजा, त्या दिवशी तू शुद्धीवर नोहती. आमी काई मनावर घेतलं नाई. चार लोकात तेवढंच सांग, का मी शुद्धीवर नोहती. इषय संपला."

किती सोपं होतं! एक वाक्य म्हटलं की बाबांची नोकरी आहे तिथे राहणार. मोठेबाबा मागून आईला खुणा करत होते, म्हण, म्हण. बाबा जमिनीकडे बघत होते.

आई खाटेवरून खाली उतरली. पदर नीट केला. "डाक्टरसाहेब, जरा इकडं या. तपासा मले."

"आता? आत्ताच तर तपासलं."

"आता याह्यच्या समोर तपासा."

डॉक्टरांनी टॉर्च लावला. बोटं दाबून घेतली. वार विचारला, गाव विचारलं. आईने शाळेतल्या मुलासारखी ताठ उभी राहून उत्तरं दिली. मग म्हणाली, "सांगा याह्यले."

"पूर्ण शुद्धीवर आहेत," डॉक्टर म्हणाले.

"आन् त्या दिवशी?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापूसाहेबांकडे. "त्या दिवशीही होत्या."

बापूसाहेबांनी आईला काही म्हटलं नाही. ते बाबांकडे वळले. "गुरुजी, तुमाले दुसरं गाव पाहावं लागन, असं दिसते."

आणि आमचे बाबा, जे हेडमास्तरांना रजा मागतानासुद्धा दोनदा खाकरतात, ते म्हणाले, "हो बापूसाहेब. फक्त विहिरीला पाणी असलेलं पाहा!"

एवढं बोलून ते तरातरा बाहेर आले. व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "विशाखा, हे कुणाला सांगायचं नाही."

*

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की बरेच दिवस डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. आईने ते तंतोतंत पाळलं. घागर मी आणायची. आई माझ्यासोबत नुसती बापूसाहेबांच्या घरासमोरच्या विहिरीपर्यंत यायची आणि लांब बसायची. जखम चांगली भरली, केस पुन्हा उगवले, तोपर्यंत बसली.

मग एका सकाळी ती उठली, घागरींच्या रांगेतून पुढे गेली, कठड्याजवळ पोचली आणि तिने दोर हातात घेतला. डोक्यावर ओझं घेऊ नका म्हणाले होते. दोर ओढू नका असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते!

बापूसाहेबांचा गडी किसना जागच्या जागी थिजला. त्याने आजवर आमच्या घागरीत पाणी ओतलं होतं, पण दोर हिसकावून घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. हिसकावायचा म्हणजे आईच्या हाताला हात लावायचा. ते कसं जमायचं? तो नुसताच हात पुढे-मागे करत राहिला. तेवढ्यात बापूसाहेबांच्या घरची एक बाई कळशी घेऊन आली होती, ती म्हणाली, "जाऊ दे किसना. तिच्या डोस्क्याले मार हाय. तिले समजत नाई."

किसनाचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांचाच पडला. "हो, हो, समजत नाई तिले," एकेक जण म्हणायला लागलं. आई दोर ओढत होती. बादली वर आली. कुणाच्या घाईने नाही, सावकाश. तिने ती कठड्यावर टेकवली, आपल्या घागरीत रिकामी केली आणि दोर हातात तसाच धरून सगळ्यांकडे वळली.

"मले समजते," ती म्हणाली.

बस्स, तेवढंच. आणि तिने दोर आपल्या मागच्या बाईच्या हातात दिला.

मागे मोठीमाय होती. मोठेबाबांची बायको. मोठीमायचा आवाज कसा आहे, हे आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पोरांना माहीत नाही. ती दोर घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिने घेतला. बादली विहिरीत सोडली. खालून पाण्याचा आवाज आला.

आता मात्र किसना चिडला. "हिच्या तं डोस्क्याले मार हाय! तुले कुठी लागला?"

मोठीमायने मान वर केली नाही. दोर ओढता ओढता म्हणाली, "अजून नाई लागला. पह्यले पानी काढू दे, मंग मार."

किसनाने ओसरीकडे पाहिलं. बापूसाहेब तिथे उभेच होते. ते पायऱ्या उतरले. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या नाहीत, म्हणून त्यांना वळसा घालून यावं लागलं. कठड्यापाशी येऊन त्यांनी आईकडे पाहिलं, मोठीमायकडे पाहिलं, भरलेल्या बादलीकडे पाहिलं, आणि…

"विशाखे! अवं विशाखे! कुठी जाऊन बसली? तुहा नंबर आला न दोराले!"

आले गं आई, आले! मागच्या बायका खोळंबल्या आहेत, किसना बाजूला बसून बिडी ओढतो आहे, आणि आई तर दोर माझ्याकडे धरून उभी आहे. बापूसाहेबांचं पुढे काय झालं, ते पाणी काढून आल्यावर सांगते!